गाळलेला प्रश्न

"नाचता येईना, अंगण वाकडं!" साहेब म्हणाले. "म्हणे कंपायलरची चूक! अहो डबलचेक, सगळं जग वापरतंय तो."

खोलीत हशा पिकला. काहीही दोनदा तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून कारखान्यात त्याला 'डबलचेक' हेच नाव पडले होते.

इस्पितळात कपडे धुणाऱ्या मोठ्या यंत्रांचे प्रोग्राम तो लिही; ते यंत्राच्या भाषेत उतरवायचे काम कंपायलर करी. दार उघडण्याआधी प्रोग्राम सेन्सरला विचारी, पाणी गेले का? जरा थांबून पुन्हा तेच विचारी, कारण फेसामुळे पहिले उत्तर कधी कधी खोटे येई. दोन्ही वेळा 'गेले' आले तरच कुलूप सुटे. तरी गेल्या आठवड्यात आत कढत पाणी असताना दार उघडले आणि धुलाईच्या मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"साहेब, हे माझं लिखाण. प्रश्न दोन. दुसरा गाळायचा नाही, असं इथे बजावलंय. आणि कंपायलरने यंत्राच्या भाषेत उतरवलं ते हे. प्रश्न एकच! वेग वाढवायच्या नादात दुसरा फुकटचा समजून काढून टाकला. वेगाची सोय बंद केली की दोन्ही येतात. बघा."

साहेबांनी पाहिले. पुन्हा करून दाखवायला लावले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"ठीक आहे. बंद ठेवा ती सोय आणि सगळ्या यंत्रांत नवा प्रोग्राम घाला. पण इस्पितळाला आपलीच चूक म्हणून कळवलंय, ते तसंच राहू द्या. हे कुणाला समजावत बसणार?"

घरी सांगावे तर बायको जाऊन तीन वर्षे झालेली. तो परस्पर बस धरून मावशींकडे गेला.

मावशींनी दार डाव्या हाताने उघडले. पट्टी बांधलेला हात त्यांनी उशीवर ठेवला आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे चूक तुमची नव्हती?"

"नव्हती, मावशी."

"मग आलात कशाला?"

येताना बसमध्ये त्याने 'चूक माझी नव्हती' हेच वाक्य मनात घोळवले होते. इथे, त्या पट्टीसमोर, ते अगदीच किरकोळ वाटले. तो उठू लागला.

"बसा हो. आलाच आहात तर ती साखरेची बरणी उघडून द्या. लेक परगावी. सकाळपासून मी बिनसाखरेचा चहा पितेय."

झाकण घट्ट बसले होते. त्याने जोर लावून उघडले. मावशींनी चमचाभर साखर कपात घातली. तो झाकण पुन्हा फिरवू लागला.

"अहो, आवळू नका. उद्या कोण येणार उघडायला?"

त्याने झाकण नुसते वर टेकवले आणि बरणी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली.