सगळे पाण्याबाहेर

शिट्टीताईचा मुलगा अंगावर पीत नव्हता, आणि ही बातमी एव्हाना जिन्यातल्या मांजरालासुद्धा कळली होती.

दूध नव्हतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. पान्हा असा फुटला होता की गाउन बदलून बदलून ती कंटाळली होती. जन्मला त्या दिवशी पोराने दोनचार थेंब चीक चाटून पाहिला, आणि मग जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. छातीशी आणला की अंग ताठ करायचा, मान मागे टाकायचा आणि असा टाहो फोडायचा की तळमजल्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची कात्री थांबवून वर बघायचा. पिळून काढलेलं तेच दूध वाटी-चमच्याने दिलं की मात्र मिटक्या मारत प्यायचा. म्हणजे दुधाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते आपल्याशीच, असं शिट्टीताईने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिट्टीताई हे नाव तलावावरच्या पोरांनी पाडलेलं. ती पोहायला शिकवायची, गळ्यात शिट्टी असायची, पण ती फुंकायची वेळ क्वचितच यायची. नुसता आवाज चढवला की पलीकडच्या काठावरची पोरं मुकाट्याने रांगेत. पाण्याचं नाव काढलं तरी रडणारी कितीतरी मुलं तिने तरंगती केली होती. आणि आता हा वीतभर जीव तिच्या नाकी नऊ आणत होता.

बाळाच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. "सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण आता चढायला हवं," त्या म्हणाल्या होत्या. "उद्या सकाळी परत काट्यावर घालू. तोवर अंगावर लागला तर उत्तम. नाही लागला तर वरचं दूध सुरू करू, त्यात काही आभाळ कोसळत नाही."

आभाळ कोसळत नाही, हे तिलाही पटत होतं. तिचा राग वरच्या दुधावर नव्हताच. पण सगळं जग ज्याला नवीन, त्याने सगळ्या जगात नेमकं आपल्यालाच नाकारावं, हे तिला सोसत नव्हतं. ती नवऱ्याला तसं म्हणालीही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. मध्येच अडकून पडलेल्या माणसांशी दाराबाहेरून बोलायची त्याला सवय. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घाबरायचं नाही. सुरू होईल एवढ्यात."

"मी काय लिफ्टमध्ये अडकलेय?" ती त्याच्या अंगावर ओरडली, आणि मग रडली.

त्या दिवशी दुपारी घरात मोठीच मोहीम निघाली. तिची आई आणि सासूबाई, एरवी भाजी कशी चिरावी यावरही एकमत न होणाऱ्या दोघी, या एका कामी एक झाल्या होत्या. शिट्टीताईला पलंगावर ताठ बसवलं. पाठीला उशी, मांडीवर उशी, उशीवर उशी. बाळाला दुपट्यात असं घट्ट गुंडाळलं की नाक तेवढं हवेला मोकळं. आईने एका बाजूने छाती धरली, सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने बाळाचं डोकं. नवरा खुळखुळा घेऊन पायाशी उभा, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं.

"विहीणबाई, थोडं वर धरा," सासूबाई म्हणाल्या.

"मी वरच धरलंय, तुम्ही त्याला पुढे आणा."

"आणते की. आ कर रे राजा, आ कर... हं, आत्ता!"

आणि त्यांनी बाळाचं डोकं मागून धरून पुढे दाबलं. बाळाने धनुष्यासारखी पाठ वाकवली, मान मागे फेकली आणि किंकाळी फोडली. खाली न्हाव्याची कात्री थांबली.

"हट्टी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "बापावर गेलाय. थोडा जोर लावावाच लागेल. एकदा तोंडाला चव लागली की सोडायचा नाही."

डोकं पुन्हा दाबलं. पुन्हा धनुष्य, पुन्हा किंकाळी. शिट्टीताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या पाण्यातूनच तिला त्याची मान दिसली. मागच्या बाजूने ताठरलेली, लालबुंद, सगळ्या ताकदीनिशी हाताला विरोध करणारी ती इवलीशी मान.

ही मान आपण पाहिली आहे, असं तिला वाटलं. एकदा नव्हे, शंभरदा पाहिली आहे.

तलावाच्या उथळ भागात दर सुट्टीत कुणीतरी बाप पोराला घेऊन उतरायचा. एकदा तोंड बुडालं की भीती जाईल, असं म्हणत पोराचं डोकं पाण्यात दाबायचा. पोराची मान अश्शी ताठ व्हायची. आणि ते पोर महिनाभर पाण्याजवळ फिरकायचं नाही. असल्या बापांना शिट्टीताईने काठावरून काय काय सुनावलं होतं! डोकं दाबलेलं पोर मागेच जाणार, पुढे कसं येईल? पाठीला आधार द्या, मान मोकळी सोडा, आणि वाट बघा. आपण होऊन तोंड घालू दे. हे ती दिवसातून दहादा सांगायची. आणि आता तिच्याच मांडीवर तिच्याच पोराचं डोकं दाबलं जात होतं, आणि ती बघत बसली होती! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"डोक्यावरचा हात काढा!" ती कडाडली. "सगळे पाण्याबाहेर!"

क्षणभर कुणाला काहीच कळलं नाही. पण त्या आवाजात असं काही होतं की तिघेही खरंच मागे सरकले. सासूबाईंनी तर पदरही सावरला.

"अगं, कुठलं पाणी?" आई म्हणाली.

"बाहेर म्हणजे बाहेर! दार ओढून घ्या."

"पण तुला एकटीला जमेल का?" सासूबाईंचा पाय निघेना.

"मला नाही, त्याला जमवायचंय."

दार लागलं. तिने उशा एकेक करून खाली फेकल्या. एकच ठेवली, तिच्यावर मागे रेलली, आरामखुर्चीत बसावं तशी. मग दुपटं सोडलं, झबलं काढलं. लंगोटावरचं ते उघडं, उष्ण पोर तिने आपल्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. छाती दाटून दगडासारखी झाली होती. थोडं दूध हातानेच पिळून तिने ती मऊ केली. एक हात त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. मानेला बोटसुद्धा लावलं नाही.

"घाई नाही, बरं का," ती हळूच म्हणाली. इतकं हळू ती गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

हुंदके देत देत तो शांत झाला. बराच वेळ नुसताच पडून राहिला. तिचा हात शिवशिवत होता. जरासं सरकवलं तर? नाही. काठावर उभं राहून वाट बघणं हीच अर्धी शिकवणी, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग त्याने डोकं उचललं. पडलं. पुन्हा उचललं. नाक इकडे घासलं, तिकडे घासलं. गुडघे पोटाशी घेऊन त्याने तिच्या पोटावर पाय रोवले आणि सरपटत एक वीत पुढे आला. हनुवटी टेकली. जिभेने चाटून पाहिलं, थांबला, विचार करत असल्यासारखा. आणि मग एवढंसं तोंड एवढं मोठं उघडलं, की तिला हसूच फुटलं, आणि तो लागला.

असा लागला म्हणता! कान हलत होते, जबडा चालला होता, आणि घशातून घुटके उतरल्याचे आवाज येत होते, स्पष्ट, लयीत, एकामागून एक. दुसऱ्या बाजूनेही दुधाची धार सुटली आणि उशी भिजली. भिजू दे! तिचं सगळं अंग सैल झालं. त्याला ती नको नव्हती. त्याला फक्त तो हात नको होता.

"आला!" ती ओरडली, तिच्या खऱ्या आवाजात. "आपण होऊन आला!"

दार धाडकन उघडलं, कारण तिघेही त्यालाच कान लावून उभे होते. नवरा तोंडावर हात ठेवून रडायलाच लागला. सासूबाईंचा हात सवयीने बाळाच्या डोक्याकडे गेला, तशी आईने तो वरच्यावर धरला.

"विहीणबाई, ऐकलं ना मघाशी? पाण्याबाहेर."

दोघी हात मागे बांधून पलंगाशी उभ्या राहिल्या आणि किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं, आणि त्यानंतर पुन्हा. न्हाव्याने वर निरोप पाठवला, पोर बरं आहे ना, आज आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायच्या आधीच साहेबांनी ओठ चाटायला सुरुवात केली. शिट्टीताई बाकावर मागे रेलली, ओढणी घेतली, पाठीला हात दिला, आणि थांबली. तो डोकं हलवत आला आणि लागला.

"चला, तुमचा नंबर," परिचारिकेने हाक मारली. "बाळाला काट्यावर ठेवायचंय."

कालपर्यंत शिट्टीताईला त्या काट्याची धास्ती होती. आता तिने मानही वर केली नाही.

"पुढच्यांना घ्या," ती म्हणाली. "आम्ही जेवतोय."