फोकस कानावर काऊन जाते?

बेबीताईंचा फोटो काही केल्या नीट येईना.

डोणगावात वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रविवारी विहारात सत्कार होता आणि बॅनरवर टाकायला चेहऱ्याचा मोठा फोटो हवा होता. फोटो काढणारा घरचाच, त्यांचा मुलगा अश्वजित. बसस्टँडजवळ त्याचा स्टुडिओ होता. त्याने खास आईसाठी नवी लेन्स चढवली, आईला स्टुलावर बसवलं आणि स्टँडवरचा कॅमेरा जेमतेम दोन हातांवर आणला. फोकसचा चौकोन तिच्या डोळ्यावर धरून बटण अर्धं दाबलं. बीप वाजलं, म्हणजे फोकस तिथेच पक्का झाला.

"माय, आता हलू नको," म्हणत त्याने फोटो काढला.

कॉम्प्युटरवर पाहिलं तर डोळे धुरकट. कान मात्र असा लख्ख, की कानातल्या फुलाचा खडा न् खडा दिसावा.

इतक्या जवळून या लेन्सला बोटभर जाडीचंच स्पष्ट दिसतं, हे त्याला माहीत होतं. पण म्हणून डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जाईल? त्याने पुन्हा काढला. पुन्हा कान.

आईला घरी पाठवून तो कॅमेऱ्याची तपासणी करायला बसला. टेबलावर औषधांची तीन खोकी मागेपुढे मांडली, शेजारी तिरपी पट्टी ठेवली आणि मधल्या खोक्यावर फोकस धरला. मधलं खोकंच स्पष्ट आलं. दहादा काढलं तरी तेच. दुसऱ्या दिवशी आईला बसवलं, की परत कान.

आता त्याचं डोकं चालेना. कॅमेऱ्यात फोकस थोडा पुढेमागे सरकवायची सोय असते. तो त्याने पुढे सरकवला आणि बायकोला, रेणुकाला, समोर बसवलं. रेणुकाचं नाक स्पष्ट आलं, डोळे गेले.

"माहं नाकच पायजे होतं का तुम्हाले?" रेणुका हसली.

"अवं, चेष्टा नको करू. या कॅमेऱ्याले फक्त मायच दिसत नाही. असं कुठं असते का?"

त्याने सगळं पहिल्यासारखं केलं. रेणुकाचे डोळे बरोबर आले. तिला बाजूला बसवून त्याने आईला पुन्हा स्टुलावर घेतलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन खांद्यात धरून, त्याचं ऐकत ऐकत, तोंडातून शब्द न काढता अश्वजितने बटण दाबलं.

डोळे आले. पापण्यांच्या केसांसकट.

फोन ठेवून त्याने लगेच दुसरा काढला. "हं माय, अशीच राह्य." कान!

"आता मी या धंद्याले हात जोडतो," तो मटकन खाली बसला.

रेणुका बाजूने पाहत होती. ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोलता ना, तवा त्या पुढं येतात. थोड्याशाच. ऐकाले आल्यासारख्या."

अश्वजितला पटेना. तो उठून आईच्या पाठीमागे गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माय, चहा घेते का?"

बेबीताई समोर कॅमेऱ्याकडे पाहत, पदर सारखा करत बसून राहिल्या.

मेहकरच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. ऐकू येणं दोन-तीन वर्षांपासून कमी होत आलं असावं, मशीन लावावं लागेल, असं ते म्हणाले.

"मले सांगाचं नाही का?" बाहेर आल्यावर अश्वजितने मोठ्याने विचारलं.

"काय सांगू? अंगणवाडीतले पोट्टे वरडूनच बोलतात. अन् तुम्ही काय म्हंता ते तोंडावरून समजते मले. नाही समजलं, तं हाव म्हणून टाकतो."

तो 'हाव' अश्वजितच्या डोक्यात घुसला. दिवाळीत, खाली मान घालून, त्याने आईला एक गोष्ट सांगितली होती. रेणुकाला खामगावच्या दवाखान्यात नोकरी लागतेय, उन्हाळ्यात आपण सगळे तिकडे राहायला जाऊ, चालंल ना? आई लगेच 'हाव' म्हणाली होती. सुटलो, असं वाटलं होतं त्याला. तिकडे खोल्यासुद्धा पाहून झाल्या होत्या.

घरी आल्यावर तो तिच्यासमोर बसला. "माय, खामगावचं आठवते ना तुले?"

"खामगावले काय झालं?"

त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिची नजर त्याच्या ओठांवर होती.

"तू हाव म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हटलं असंन." बेबीताईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे रेणुका पोळ्या लाटता लाटता थांबली होती. "तिले नोकरी सोडू देजो नको. पण माह्यं आत्ताच हाव नाही समजाचं. रविवारी माह्या सगळ्या बाया येतीन. त्यायले भेटू दे, मंग सांगतो."

"अन् नाही म्हटलं तं?"

त्या पुढे झुकल्या. "काय म्हटलं?"

अश्वजितने तोंड उघडलं. हाच प्रश्न मोठ्याने कसा विचारायचा, ते त्याला कळेना.