आठ गटांचा कागद

४१३_०८

एर्मिनियो वारले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाचव्या दिवशी त्यांचे कपडे ओढ्यावर नेऊन धुतले. कोटाच्या अस्तरात कागद शिवलेला आहे, हे धुणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? सहाव्या दिवशी त्यांची बायको, सातुर्निना माई, तो ओला लगदा ताटलीत घेऊन, त्यांच्या लॅपटॉपसह, वामांगा शहराच्या बाजारात माझ्या टपरीवर आली. मी लॅपटॉप दुरुस्त करतो.

कागदावर अठ्ठेचाळीस आकडे होते. आठ गट, प्रत्येकी सहा. जे वाचता आले ते इथे एकेक करून प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिले आहेत; पुसले गेले तिथे रेघ.

२७५१४३

"बिघडलाय का रे?"

"नाही माई. कुलूप लागलंय. यंत्राबरोबरच येतं ते. पासवर्ड माहीत नसला की हे आकडे मागतं."

"पासवर्ड सांगितला नाही त्यांनी."

"माझ्या भावाने लग्नात वय खरं सांगितलं नव्हतं," बरोबर आलेली नणंद फिदेला म्हणाली. "पासवर्ड सांगतोय."

"आणि कोट दगडावर कोण आपटत होतं, वन्सं?"

"तूच म्हणालीस, कॉलर काळी आहे."

६०८२१२

लॅपटॉपच्या आत गावाच्या झऱ्याची बारा वर्षांची मापं. दर रविवारी एर्मिनियो वर चढून जायचे, बादली किती वेळात भरते ते बघायचे, फोटो काढायचे. आता वरची खाण म्हणते, झरा कधीच आटला नाही, पाणी आम्हाला द्या. गुरुवारी सुनावणी. आज मंगळवार.

______

०३७४२२

यंत्रातलं ते कुलूप मीच चालू करून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरातून मापांच्या वह्या चोरीला गेल्या, लॅपटॉपमधली नक्कल तेवढी उरली, नंतर ते तो घेऊन आले. मी बजावलं, आकड्यांचा कागद लॅपटॉपजवळ ठेवू नका, अंगावर ठेवा.

त्यांनी ठेवला. माईला हे मी अजून सांगितलेलं नव्हतं. सांगितलं.

 तिने ताटली थोडी माझ्याकडे सरकवली.

५६१_९७

प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा धुतला गेला तरी तो शोधता येतो. पहिल्या गटात नऊ निघाला, इथे दोन. फिदेला म्हणाली, "हुशार आहे गं." मला बरं वाटलं नाही. दोन गट पूर्णच गेले होते.

गट सव्वासात लाखांपुढे जात नाही, म्हणून एक गेला असता तर पासष्ट हजार शक्यता, यंत्राने दिवसभरात तपासल्या असत्या. दोन गेले तर सेकंदाला एक धरून एकशे छत्तीस वर्षं.

______

११९८४५

"म्हणजे चोरालाही उघडणार नाही?"

"नाही."

"चांगलं आहे मग." माईने डोळे चोळले. आठवडाभर झोप नव्हती. "गुरुवारी हेच नेते. यात बारा वर्षं आहेत, असं लिहून दे."

"आतलं मी पाहिलेलं नाही, माई."

"पाहिलंस तेवढं लिही."

दुकानाच्या कागदावर लिहिलं: यंत्रात बिघाड नाही. कुलूप नीट काम करत आहे. खाली शिक्का मारला. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घातली आणि या वेळी कागद फिदेलाकडे दिला. मग लॅपटॉप रंगीत फडक्यात गुंडाळून, तान्ह्याला बांधतात तसा पाठीवर बांधला.

ताटली माझ्याकडेच राहिली.