लांब धर

सतरा वर्षं मी चष्मा लावला नाही. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर सगळे म्हणायचे, नेव्हिलला आपल्या थोबाडाचा भारी गर्व. म्हणू देत. खरं कारण सांगण्यापेक्षा ते परवडलं.

मला लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं सगळं धूसर. डॉक्टर याला दूरदृष्टी म्हणतात. ती खरोखरची असती, तर कॉलिन आज जिवंत असता.

कॉलिन माझा धाकटा भाऊ. तो समुद्रतळाशी जाऊन खडकावरचे ॲबलोन शिंपले उचकटायचा. मी वर बोटीत त्याची हवेची नळी आणि तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर सांभाळायचो. पिशवी भरली की तो ती वर सोडायचा, सोबत प्लॅस्टिकची पाटी, पेन्सिलीने खरडलेली. बहुतेक वेळा शिवीच. मी काहीही वाचताना नाकाशी धरून डोळे बारीक केले की ओरडायचा, "लांब धर, म्हाताऱ्या! हात कशाला दिलेत?"

त्या दिवशी पाटी आली तेव्हा माझे हात शिंपल्यांच्या चिकट्याने भरले होते. असेल नेहमीचंच, म्हणून न वाचताच खिळ्याला अडकवली. वारा फिरला होता आणि इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरमध्ये ओढला जात होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा पाण्यावर बुडबुडे नव्हते.

चौकशीत विचारलं, त्याने काही कळवलं होतं का? मी म्हणालो, पाटी पुसली गेली, पण मी वाचली होती. 'चहा टाक.' त्याच्या बायकोने, मार्लिनने, तेच शब्द त्याच्या थडग्यावर कोरून घेतले. पाटी माझ्या शेडमध्ये होती, रंगाच्या डब्यांमागे. चष्मा नाही, म्हणजे वाचायला नको.

यंदा बोटीच्या परवान्यासाठी डोळे तपासले, जवळची बारीक अक्षरं वाचता आली नाहीत आणि मी नापास झालो.

"चष्मा नको ना साहेबांना? मग लेझर करून घे," मार्लिन म्हणाली. "नाहीतर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून डोकं खाशील."

"भीती वाटते गं."

"शार्कच्या पाण्यात जन्म गेला आणि दिव्याला घाबरतोस, घोड्या?"

तिला काय सांगणार? चष्मा काढून ठेवता येतो, डोळे काढून ठेवता येत नाहीत.

ॲडलेडला तिनेच नेलं. पापण्या ताणून धरलेल्या, वर हिरवा ठिपका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलू नका, थोडा जळका वास येईल." वास आला. मला तो डिझेलच्या धुराचा वाटला. डोळा मिटायची सोय नव्हती. कानाशी कॉलिन स्पष्ट बोलला, "लांब धर."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि आम्ही घरी आलो. मार्लिन किटली ठेवायला आत गेली. मी शेडकडे जाणार नव्हतो, पण पाय गेले. डबे सरकवले. त्यांच्यावरची बारीक अक्षरं नकोशी स्पष्ट दिसत होती. पाटी काढली, हात सरळ लांब केला आणि वाचली. मग नाकाशी आणली. तेच शब्द. अंगठ्याएवढी अक्षरं, माझ्यासाठी मुद्दाम मोठी काढलेली.

'नेव्ह, लांब धर. हवेत धूर.'

त्या दिवशी मी नुसता हात लांब केला असता तरी वाचता आलं असतं.

"थेंब घालायची वेळ झाली," दारातून मार्लिन म्हणाली. मग तिने पाटी पाहिली. "ही... त्याची? पुसली गेली म्हणालास ना?"

मी पाटी उलटी धरली.

"वाच ना, नेव्हिल. माझा चष्मा गाडीत राहिलाय." ती जवळ आली. "चहा टाक, तेच ना?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. सतरा वर्षं तेच तर म्हणत आलो होतो. मी पाटी तिच्या हातात दिली. तिने ती नाकाशी धरली, डोळे बारीक केले.

"लांब धर, मार्लिन," मी म्हणालो.

तिने हात लांब केला.