बारावी वाट आणि न पडणारे चष्मेवाले

चष्मेवाल्यांच्या दुकानात डोळे तपासून घ्यायचे म्हणजे आधी टेकडी वाचावी लागे. दुसऱ्यांच्या दुकानांत भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, यांच्या भिंतीवर गावामागच्या टेकडीचा नकाशा होता. गिऱ्हाइकाला दहा फुटांवर स्टुलावर बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा आणि म्हणायचं, "हं, वाचा."

गिऱ्हाईक वरून सुरुवात करी. "'बेकरीवाला गेला.' 'साहेब, पँट!' 'डॉक्टरीणबाई, दात सापडला.' 'बेकरीवाला पुन्हा.'" असं करत करत तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत जाई. तिथे लिहिलं होतं, 'आता कुणीतरी बेकरीवाल्याला उचला'. एवढं ज्याला वाचता आलं, त्याला चष्मेवाले सरळ घरी पाठवत. डोळे ठणठणीत.

ही सगळी नावं टेकडीवरच्या वाटांची. जाड टायरच्या सायकली घेऊन दगडधोंड्यांतून उड्या मारत खाली येण्यात ज्यांना सुख वाटतं, अशा शहाण्यांसाठी टेकडीवर अकरा वाटा होत्या. अकराच्या अकरा वाटा चष्मेवाल्यांनी बावीस वर्षांत स्वतःच्या कुदळीने काढलेल्या. पावसानंतर चर उपसायचे ते त्यांनीच, वाटेत आडवं आलेलं झाड करवतायचं ते त्यांनीच, नकाशाही काढायचा तो त्यांनीच. आणि अकरांतल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं.

कारण सायकलवाल्यांचा कायदा असा, की वाटेवर कुणी पडल्याशिवाय वाटेला नाव नाही. तोवर नकाशावर नुसते पेन्सिलीचे ठिपके. जो पहिला पडेल त्याची वाट. आणि त्याला पडताना जो पाहील, त्याच्या तोंडून जे पहिले शब्द बाहेर पडतील, तेच वाटेचं नाव. त्यात काना-मात्रेचा बदल चालायचा नाही. 'साहेब, पँट!' या वाटेचे साहेब पुढे बदली मागून निघून गेले, पण वाट राहिली.

हा कायदा लिहिला होता चष्मेवाल्यांनीच, आणि त्यात अडकलेही तेच. ते पडतच नसत. पडणार कसे? वाटेवरचा दगड न् दगड त्यांच्या हातचा. मुंगी आडवी गेली तरी ब्रेक लागे. त्यांच्या बुडाखाली आली की कसलीही आडमुठी सायकल गाईसारखी गरीब होई.

उलट त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बेकरीवाला. त्याला पडायला उतार लागत नसे, सपाट फरशी पुरे. एकदा तर तो उभ्या करून ठेवलेल्या सायकलवरून पडला होता, आणि ती सायकल दुसऱ्याची होती. त्याच्या नावावर चार वाटा.

आणि एके दिवशी वनखात्याचं पत्र आलं. टेकडी आता भरली, नवीन काढलेली बारावी वाट हीच शेवटची. येत्या रविवारी अधिकारी येऊन नकाशा घेऊन जातील, मग प्रत्येक वाटेच्या तोंडाशी लोखंडी पाटी लागेल. ज्या वाटेला नाव नसेल, तिथे नुसता आकडा.

चष्मेवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "मी पडणार."

बायको मटार सोलत होती. "सावकाश पडा," ती म्हणाली. "हात मोडून घेऊ नका. वरच्या फळीवरचे डबे मला काढता येत नाहीत."

"थट्टा नाही. बावीस वर्षं टेकडी उकरली मी. मेल्यावर लोकांनी काय म्हणावं? वाट क्रमांक बारा?"

"बरं बाई. मी काय करू?"

"तू बघायचंस. खाली आठव्या वळणावर घडीचं स्टूल टाकून बसायचंस. मी पडलो की मोठ्याने म्हणायचंस, 'चष्मेवाले पडले!'"

"अगं बाई! तुम्हाला कधी चष्मेवाले म्हटलंय का मी?"

"मग म्हणायला शीक. मोठ्याने."

पहिल्यांदा तिला हसूच फुटलं आणि मटाराचा दाणा घशात अडकला. पण बाई जिद्दीची. रात्रीच्या भाकरीपर्यंत तिला सूर सापडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना तिने "चष्मेवाले पडले!" अशी काही आरोळी ठोकली, की शेजारचे दोघे स्ट्रेचर घेऊन जिना चढून आले.

बुधवारी चष्मेवाल्यांनी पहार घेऊन बाराव्या वाटेच्या सातव्या वळणावर एक कलिंगडाएवढा दगड सैल करून ठेवला. गुरुवारी डोळे वटारून त्याच्यावरच सायकल घातली. पण दगड जवळ आला तसे हात आपोआप वळले, आणि सायकल दगडाला वळसा घालून, जणू त्याची क्षमा मागून, पुढे गेली.

शुक्रवारी त्यांनी चष्माच काढून ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचे हातसुद्धा अंदाजानेच ओळखावे लागत. तरीही बारा वळणं, तीन उड्या आणि एक ओढा पार करून ते खाली आले. वाटेत एका खारीला बाजूही दिली. खार होती हे त्यांना मागाहून बायकोनेच सांगितलं.

शनिवारी वळणावर चार कळशा पाणी ओतून चिखल केला. सायकल घसरली खरी, गर्रकन तीनदा फिरली, आणि फिरून फिरून वरच्या दिशेला तोंड करून शांत उभी राहिली. चष्मेवाले अजून सीटवरच.

"घरी स्टुलावरून आठवड्याला दोनदा पडता," बायको खालून ओरडली, "इथेच काय होतं हो तुम्हाला?"

शेवटी त्यांचा संयम सुटला. ते सायकलवरून उतरले, सायकल आडवी केली, तिच्याशेजारी स्वतः आडवे झाले आणि कण्हू लागले.

बायको स्टुलावरून हलली नाही. "मी नाही म्हणणार."

"का? पडलोय की!"

"पडला नाहीत, झोपलात. आधी घड्याळ काढून खिशात ठेवलंत ते मी पाहिलं. पडणारा माणूस घड्याळ काढत नाही."

कपडे झटकून दोघं घरी आली. त्या नामुष्कीत सातव्या वळणावरचा सैल दगड परत बसवायचा मात्र राहून गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी वनखात्याच्या अधिकारीबाई बूट-टोपी घालून, दोरीने पेन्सिल बांधलेली लिहायची पाटी घेऊन हजर. त्यांना प्रत्येक वाट पायी बघायची होती. बायको आपली ठरल्या जागी, आठव्या वळणावर, विणकाम घेऊन बसली होती. पडण्याची आशा चष्मेवाल्यांनी सोडली होती, पण वाट दाखवायची हौस सुटली नव्हती.

"हा चर बघा," ते बाईंना सांगत होते. "एक वीत रुंद, एक वीत खोल. पाणी वाटेवर दोन पावलांपेक्षा जास्त चालत नाही, लगेच चरात उतरतं. माणसाला शिस्त लावणं सोपं, पाण्याला अवघड."

इतक्यात वरून घंटी वाजली. "दाजी! बाजूला व्हा! आलोच!"

बेकरीवाला येत होता. येत होता म्हणजे सायकल येत होती आणि तो तिच्याबरोबर जमेल तसा येत होता. चष्मेवाल्यांच्या मनात आलं, झालं. हा आता पडणार आणि पाचवी वाटही यालाच.

आणि त्याच क्षणी त्यांना सातव्या वळणावरचा दगड आठवला.

वळणाच्या डाव्या अंगाला वीस फुटांची घसरण आणि खाली काटेरी झुडपांचं रान. मेहुण्याने आपल्या कर्माने पडावं, शंभरदा पडावं. पण आपण सैल केलेल्या दगडावरून? ज्या वाटेवर मुद्दाम सैल केलेला दगड आहे, तिचा रखवालदार म्हणून घेण्यात काय अर्थ? अधिकारीबाईंचं वाक्य अर्धं टाकून अडुसष्ट वर्षांचे चष्मेवाले वळणाकडे पळत सुटले.

त्यांनी झेप घेऊन दगडाला मिठी मारली. दगड इतका सैल होता की मिठीसकट सुटला. सायकल सुर्रकन रिकाम्या जागेवरून निघून गेली, आणि चष्मेवाले दगड पोटाशी धरून खाली निघाले.

तसं पडणं टेकडीने पुन्हा पाहिलं नाही. पहिलं झुडूप त्यांनी पाठीने पार केलं, दुसरं पोटाने. स्वतः खणलेल्या चरावरून त्यांनी जी उडी मारली, ती सायकलवर कुणाला अजून जमलेली नाही. दगड सोडून द्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण चांगला दगड टाकायचा नाही ही जन्माची सवय. शेवटी आठव्या वळणावर एक कोलांटी खाऊन ते बायकोच्या स्टुलासमोर मांडी घालून बसते झाले. चष्मा नाकावर. आणि दगड हातातून निसटून गडगडत गेला तो वळणाच्या काठावरच्या खड्ड्यात असा चपखल बसला, की वर्षभर चष्मेवाले त्या खड्ड्यासाठी शोधत होते तो दगड हाच.

पण त्याआधी, ते पहिल्या झुडपातून बाहेर येत असतानाच, बायको विणकाम फेकून ताडकन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेला होता.

"अहो!"

आवाज असा, की खाली बाजारात सहा नवरे एकदम मागे वळले.

चष्मेवाल्यांनी कानातलं गवत काढलं. बायकोने तोंडावर हात ठेवला.

"थांबा, चुकलं!" ती म्हणाली. "चष्मेवाले पडले! चष्मेवाले पडले!"

अधिकारीबाई वरून धापा टाकत आल्या. "लागलं का हो? नाही ना? मग नक्की काय लिहू? आधीचं की नंतरचं?"

"आधीचं," चष्मेवाले म्हणाले. "पहिले शब्द ते पहिले शब्द. कायदा माझाच आहे."

"अहो, पण चार दिवस घसा फोडला मी!" बायको रडकुंडीला आली होती. "तुमचं नाव राहिलं ना!"

"पण हे सायकलवरून कुठे पडले?" अधिकारीबाईंनी शंका काढली.

तेवढ्यात बेकरीवाला खालून सायकल ढकलत वर आला. चेहरा पांढराफटक. "ताई! मी पडलो नाही! वरपासून खालपर्यंत आलो आणि पडलो नाही! कुणी पाहिलं का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे दाजींकडे बघत होते. काय झालं ते कळल्यावर त्याने सायकल खाली ठेवली. "बाई, पडण्यातलं मला कळतं. कायद्यात 'पडेल' एवढंच आहे, सायकलीचं नाव नाही. आणि असं पडणं मला बावीस वर्षांत जमलेलं नाही. लिहा."

बाईंनी लिहिलं. महिन्याभरात पाटीही लागली. आता त्या वाटेच्या तोंडाशी येणारा प्रत्येक नवरा दचकून थांबतो आणि काय विसरलो म्हणून खिसे चाचपतो. वाट कुणाची, हे टेकडीवर नव्याने येणाऱ्याला कळत नाही, आणि चष्मेवालेही सांगत बसत नाहीत.

पुढे दोन महिन्यांनी बायकोला चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटू लागला, म्हणून ती दुपारी दुकानात आली. चष्मेवाल्यांनी तिला स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला लावला. "हं, वाच."

तिने वरून अकरा नावं घडाघडा वाचली. तळाशी, बेकरीवाल्याच्याही खाली, शाईने नवीन लिहिलेल्या ओळीशी येऊन ती थांबली.

"दिसत नाही?"

"दिसतंय."

"मग वाच की."

तिने दाराकडे पाहून घेतलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. "हाक मारल्यासारखं होईल."

"होऊ दे."

"अहो," ती हळूच म्हणाली.

"काय गं?" म्हणत चष्मेवाल्यांनी मान वर केली, आणि तिचा नंबर लिहून घ्यायचा राहूनच गेला.