माझं तिसरं वाक्य

त्या मुलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे एकवीस वर्षांत मी कोणालाच सांगितलेलं नाही. पत्र शब्दकोशाच्या जाड खंडात ठेवून दिलं. आमच्या घरात तो खंड माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

मी तेव्हा बसस्थानकाच्या कार्यालयात कारकून होतो. त्या वर्षी घातपाताचे इशारे दर आठवड्याला येत. ध्वनिक्षेपकावरून सांगायचा मजकूर साहेबांनी माझ्या गळ्यात मारला. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तुम्हीच लिहा." वरून दोनच वाक्यं आली होती : बेवारस वस्तूला हात लावू नका. ताबडतोब कर्मचाऱ्यांना कळवा. मला ती फार उघडीबोडकी वाटली, म्हणून मी पदरचं एक तिसरं जोडलं : तुमची एक चूक सर्वांच्या जिवावर बेतू शकते. साहेब खूश झाले. मीही झालो. दर पंधरा मिनिटांनी ते वाक्य डोक्यावर घुमायचं आणि मी खाली मान घालून, कोणाला दिसणार नाही इतपत हसायचो.

मग ते पत्र आलं. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. "माझी रंगांची पेटी बाकावर राहिली. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलं. कुत्रा आणला. पळताना एक आजी पडल्या. ती माझी चूक होती. आता मी माझी वस्तू कुठेच ठेवत नाही, हातातच धरते. ही चूक किती दिवस राहते?" खाली नाव, वय वर्षं आठ, आणि पूर्ण पत्ता.

मी सात कच्चे मसुदे केले. पहिल्यात 'नागरिकांची सुरक्षितता' होती. चौथा दोन पानी झाला. सातवा बरा होता, पण तोही मला खोटा वाटू लागला. त्यात महिना गेला; मग इतक्या उशिरा काय पाठवायचं, अशी लाज वाटली. लाजेला वर्षं मोजता येत नाहीत.

गेल्या महिन्यात पुन्हा इशारे सुरू झाले. नातीच्या शाळेनं डायरीत सूचनेचा कागद चिकटवला. चष्मा लावून वाचला, तर तिसरं वाक्य माझं! शब्दन् शब्द. कोणी कोणाचं पाहून उतरवलं, कोण जाणे.

तेव्हापासून नात पाठीवरचं दप्तर उतरवीना. जेवताना दप्तर, अभ्यासाला दप्तर. मधल्या सुट्टीत खेळायला जात नाही, कारण दप्तर वर्गात ठेवावं लागतं. बाईंनी चिठ्ठी पाठवली. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, होईल हळूहळू." पण ती स्वतः ऑफिसातून तीन-तीनदा फोन करते, आणि परवा दारातच थबकून तिनं विचारलं, "ही कापडी पिशवी कोणाची?"

"तूच दिलीस मला. वाचनालयासाठी."

"मग आत ठेवा ना! जीव खालीवर होतो माझा."

रविवारी दुपारी नात माझ्या खोलीत आली. खुर्चीत दप्तरासकट बसल्यामुळे पुढे सरकून, अगदी काठावर. तिच्या खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ दिसत होते. ते पाहिल्यावर मला शब्दकोश काढावाच लागला. पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं दोनदा वाचलं. "मग तुम्ही काय सांगितलंत तिला? किती दिवस राहते?"

"काहीच नाही सांगितलं."

"का?"

"सुचलं नाही. आणि... ते 'तुमची एक चूक'वालं वाक्य, तुझ्या डायरीतही आहे ते, मीच लिहिलं होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? आजोबा, तुम्ही तर झुरळाला घाबरता!"

"घाबरतो ना. म्हणूनच तसलं वाक्य सुचलं."

"मला वाटलं पोलिसांनी लिहिलंय."

"पहिली दोन वाक्यं मोठ्या माणसांनी विचार करून दिली आहेत. तिसरं नुसतं भारदस्त दिसावं म्हणून मी घातलं. वस्तू विसरणं हा गुन्हा नसतो. विसरली, तर सांगायचं, एवढंच."

तिनं दप्तर पुढे ओढलं, डायरी काढली आणि कंपासपेटीतली लाल पेन्सिल माझ्यापुढे धरली. "मग खोडा."

मी खोडलं. "सही करा. बाई विचारतील." सहीही केली. इतक्या जबाबदारीनं मी कधी सही केली नव्हती.

तिनं दप्तर उतरवून दाराशी ठेवलं. जेवताना दोनदा उठून पाहून आली. तिसऱ्यांदा उठली नाही, नुसती मान वळवली. तिची आई काही बोलणार होती. मी डोळ्यांनीच गप्प केलं. एरवी माझे डोळे कोणी जुमानत नाही.

मग मी आठवा मसुदा लिहिला. "तू आता मोठी झाली असशील. ती चूक तुझी नव्हती, माझी होती. एक वाक्य मी उगाच जास्त लिहिलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर : एकही दिवस नाही. उशिराबद्दल क्षमा कर." पुन्हा वाचायला घेतला, तर नातीनं तो काढून घेतला. "आता बास. तुम्ही परत बिघडवाल."

सोमवारी शाळेच्या वाटेवर आम्ही पोस्टाच्या पेटीपाशी थांबलो. "ती तिथे राहत नसेल तर?" मी म्हणालो. पत्ता एकवीस वर्षांपूर्वीचा.

"मग परत येईल. मग शोधू. द्या इकडे."

पेटीचं तोंड उंच होतं. तिनं दप्तर फुटपाथवर ठेवलं, पट्ट्यात एक पाय अडकवला, टाचा उंचावल्या आणि पत्र आत सोडलं.