स्पेशल खोली आणि फुकटचं बेट

मी एक कार्ड. क्रेडिट कार्ड. कार्ड कधी बोलतं का, असं म्हणून हसू नका. आजवर मशीनच्या फटीत तोंड घालून मी फक्त 'हो' म्हणत आलो, क्वचित कधी 'नाही'. आज मात्र चार शब्द जास्त बोलणार आहे. एक गोष्ट मला आतून खातेय आणि पाकिटातले माझे शेजारी म्हणजे एक लायसन्स, एक वाचनालयाचं कार्ड आणि मालकांचा तरुणपणीचा फोटो. त्यांच्यापाशी मन मोकळं करून काय उपयोग?

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या मोठ्या पत्र्यातून आम्ही भावंडं एका ठोक्यात कापून निघालो. अंगावर चकचकीत चिप बसली, मालकांचं नाव उमटलं आणि एकेकाची लिफाफ्यात भरून रवानगी झाली. भावंडांची पुन्हा कधी गाठ पडली नाही. त्यातली एकदोन मोठमोठ्या हॉटेलांत ऐश करत असतील. माझ्या नशिबी चष्म्याचं दुकान आलं.

माझे मालक तिथे डोळ्यांचे नंबर काढतात. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवायचं, जड गोल चौकट नाकावर ठेवायची आणि भिंगं बदलत विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" दिवसभर हेच. माणूस मऊ बोलणारा, कामात चोख. खोड एकच. 'फुकट' हा शब्द ऐकला की त्यांचे कान टवकारतात.

माझ्याबरोबर लिफाफ्यात एक गुळगुळीत कागदही आला होता. त्यावर निळं पाणी, पांढरी वाळू, दोन नारळाची झाडं आणि त्यांच्यामध्ये बांधलेली झोळी. खाली लिहिलं होतं की खर्च करा, पॉइंट साठवा आणि या बेटावर या. मालकीणबाईंनी तो कागद फ्रिजवर लावला. त्या पाळणाघरात काम करतात. दिवसभर लोकांची पोरं सांभाळून घरी आल्या की पाण्याची बाटली काढताना त्या चित्राकडे बघत उभ्या राहायच्या. लग्नानंतर दोघांचं फिरायला जायचं राहून गेलं होतं. आधी रजा नव्हती, मग पैसा नव्हता, मग त्या विषयाची लाज वाटायला लागली.

"थेंबे थेंबे तळे साचे," मालक म्हणाले, आणि माझी नोकरी सुरू झाली.

मला त्यांनी किती घासावं? दुकानातले चौघं नाश्त्याला गेले तर मालक म्हणणार, "पैसे माझ्याकडे द्या, मी कार्डावर भरतो." शेजाऱ्याला कपडे धुण्याचं मशीन घ्यायचंय? मालक सोबत हजर. मित्राच्या गाडीचे टायर, मेहुण्याचा पंखा, दुकानाची काच, सगळं माझ्यावर. लोक रोख आणून द्यायचे, मालक बिल वेळेवर भरायचे आणि पॉइंट आमच्या खात्यात जमायचे. दुकानात त्यांचं नाव घासूशेठ पडलं. तेही हसून घ्यायचे. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा. एका गरीब घरच्या बाईला आपण समुद्र दाखवणार, असं मी मनाशी म्हणायचो.

मग मालकांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला.

आईबद्दल सांगायला हवं. तिचा जन्म गेला बसस्थानकाच्या तिकीटखिडकीवर. समोर सतत माणूस, आणि माणूस दिसला की हिचं तोंड सुरू. कुठे चाललात, परत कधी, सोबत कोण, मुलीला दिवस गेलेत का. रांग खोळंबायची, पण कुणी चिडायचं नाही. निवृत्त झाल्यावर ती जिन्यात खुर्ची टाकून बसायला लागली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरायला लागली. दुकानात तिचा फोन आला की मालक आधी पाणी पिऊन घ्यायचे, मग उचलायचे.

रुग्णालयात नाव नोंदवायच्या खिडकीवर मी मालकांच्या हातातच होतो. आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "जनरल वॉर्डात एक खाट आहे. वरच्या मजल्यावर स्पेशल खोलीही आहे. कुठे टाकू?"

साधा प्रश्न होता. आईला वॉर्डच आवडला असता हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि माझे मालक तर डोळ्यांचाच माणूस. पण त्याच आठवड्यात बँकेचा निरोप आला होता: महिनाअखेरपर्यंत ठरावीक रकमेवर खर्च गेला तर त्या महिन्याचे सगळे पॉइंट दुप्पट. वॉर्डातल्या बिलानं ती रक्कम गाठली जात नव्हती. आणि रुग्णालयात खोली बदलली की डॉक्टरांच्या फीपासून कापसापर्यंत सगळ्याचे दर बदलतात. मालकांनी मला बोटांत एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं.

"स्पेशल द्या," ते म्हणाले.

आईच्या आरामाचा विचार त्यांच्या मनात नव्हताच असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. होता. स्वतंत्र खोली, स्वच्छ न्हाणीघर, शांत झोप, हे सगळं त्यांनी स्वतःला भराभर सांगितलं. पण ते सांगणं नंतर आलं. आधी फ्रिजवरचं बेट आलं. हात माझ्याभोवती होता, म्हणून मला ठाऊक.

आणि मी काय केलं? एरवी माझे नखरे कमी नाहीत. एकदा भर पावसात छत्री घेताना मी तीन वेळा अडून बसलो होतो, दुकानदारानं मला शर्टाला पुसपुसून पाहिलं तरी ऐकलं नाही. त्या दिवशी खिडकीवर आगाऊ रक्कम भरताना मात्र पहिल्याच खेपेला 'हो' म्हटलं. एक नकार दिला असता तर मालक क्षणभर थांबले असते, त्यांनी पुन्हा विचार केला असता. कदाचित नसताही केला. पण मी ती संधीच दिली नाही, आणि हे मला आजही छळतं.

मालकांनी तिथूनच ताईला फोन लावला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करते. आईचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलायचा असं त्यांचं आधीपासून ठरलेलं.

"वॉर्डात जागाच नाही गं ताई. स्पेशल घ्यावी लागली."

"घे रे," ताई म्हणाली. "आईपेक्षा का पैसा मोठा? मी रविवारचंही काम धरते."

तिनं खरंच धरलं. दर आठवड्याला ती रुग्णालयात यायची, आईचे केस विंचरायची आणि जाताना भावाच्या हातात नोटा ठेवायची. त्या नोटांना स्टार्चचा वास यायचा. मालक त्या जशाच्या तशा बँकेत भरत. त्यातला एक पैसा त्यांनी इकडचा तिकडे केला नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. म्हणून तर ते स्वतःची समजूत इतके दिवस घालू शकले.

खोली चांगली होती. पडदे होते, टीव्ही होता, उशाशी बेल होती. फक्त माणूस नव्हतं. आई बेल वाजवायची, नर्स धावत यायची, "काय झालं आजी?" विचारायची. आई म्हणायची, "काही नाही गं, बस जराशी." नर्सला कुठला वेळ? सुरुवातीला आई छतावरच्या पंख्याशी बोलायची, मग तेही थांबलं. एकदा दार उघडं राहिलं होतं. खालच्या वॉर्डातून बायकांच्या हसण्याचा आवाज जिन्यानं वर आला.

"तिकडं नाही का रे मला नेता येणार?" आईनं विचारलं.

"तिकडं जागा नाही, आई."

"असू दे, असू दे. तू जिवाला लावून घेऊ नकोस. किती करशील एकटा."

मालकांनी तोंड फिरवून खिडकीचा पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

आई बरी होऊन काठी टेकत घरी आली. हाड जुळलं, पण तिचं बोलणं आटलं होतं. जिन्यात खुर्ची टाकली तरी ती येणाऱ्याकडे नुसती बघून हसायची. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. ताईही म्हणाली. मालकांनी औषधांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. महिन्याभरानं बँकेचा निरोप आला की पॉइंट पुरे झालेत. विमान, खोली, सगळं त्यात बसत होतं.

मालकीणबाईंनी तो निरोप दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. त्यांना बिचाऱ्यांना खोलीचं काही ठाऊक नव्हतं. आईला ताईकडे सोडून दोघं निघाली. "माझ्या लेकाला बँकेनं फुकट पाठवलंय," आईनं ताईच्या शेजारणीला सांगितलं. त्या आठवड्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य तेच असेल.

बेट अगदी कागदावरच्यासारखं होतं. पाणी निळं, वाळू पांढरी. मालकीणबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या खुदखुदल्या. पाकिटाच्या शिवणीतून माझ्या चिपेवरही वाळू आली. मालक बाहेरच्या झोळीत पडायचे, दोन मिनिटांत उठायचे, खोलीत जायचे, पुन्हा बाहेर यायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

"खोली फार शांत आहे," एका दुपारी ते म्हणाले.

"अहो, या शांततेसाठी लोक पैसे मोजतात," मालकीणबाई म्हणाल्या. "आपल्याला फुकट मिळालीय."

त्यांनी आईला फोन लावला. आणि बघा, या वेळी पाणी प्यायले नाहीत. "बरी आहे मी," आई म्हणाली. "तुम्ही मजा करा." आणि फोन ताईकडे दिला. मालक बराच वेळ तो बंद फोन कानाला लावून बसले. त्यांच्या मांडीवरच्या पाकिटात मी होतो. त्या बेटावर मला कुणी एकदाही बाहेर काढलं नाही, सगळं आधीच भरलेलं होतं. मला तर वाटत होतं की समुद्रात फेकून दिलं तर बरं.

परत आल्यावर आईला न्यायला दोघं ताईकडे गेली. ताई घरीही कुणाचे तरी कपडे आणून इस्त्री करत होती. मालकीणबाईंनी आईच्या शेजारी बसून मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली.

"एवढं सगळं फुकट?" ताईनं विचारलं.

"एक पैही लागली नाही. आईंच्या बिलावरच तर पॉइंट पुरे झाले. नाहीतर अजून पाच-सहा वर्षं बघत बसलो असतो त्या कागदाकडे."

ताईचा हात थांबला. मालक घाईनं म्हणाले, "बिल तर भरायचंच होतं ना, ताई. तुझे पैसे मी जसेच्या तसे भरलेत."

"अरे, हिशेब कोण मागतंय तुला?" ताई म्हणाली. "उलट बरं झालं. त्या दुखण्यातनं कुणाचं तरी भलं झालं." आणि ती मनापासून म्हणाली. मला माणसांच्या आवाजातला फरक कळतो.

आई फोटोतल्या पाण्याकडे बघत होती. ती हळूच हसली. "मला आधी सांगायचंस रे. आणखी चार दिवस पडले असते त्या खोलीत. तुमचेही तिथले दोन दिवस वाढले असते."

मालकांचा हात खिशात गेला आणि पाकिटावर घट्ट बसला. मला वाटलं, आता हे विषय बदलणार. निघू या, उशीर होतोय, असं काहीतरी.

"आई, वॉर्डात जागा होती," ते म्हणाले. "नाही म्हणून सांगितलं मी तुला. ताईलाही. होती खाट. खोली मी पॉइंटसाठी घेतली."

मालकीणबाईंनी मोबाइल उलटा करून ठेवला. ताईनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि भावाकडे पाहिलं. तिचे सगळे रविवार त्या पाहण्यात होते.  ती ओरडली असती तर मालकांना सोपं गेलं असतं.

आईनं हातातली काठी बाजूला टेकवली. मग तिनं विचारलं, "शेजारी कोण होतं?"

"काय?"

"त्या खाटेच्या शेजारी रे. कोण बाई होती?"

"मी बघितलं नाही, आई."

"बघायचंस," आई म्हणाली.

तर असं हे माझं आयुष्य. माझी मुदत आता संपत आली. नवं कार्ड आलंय, त्याच्याबरोबर नवा गुळगुळीत कागदही आलाय, यंदा त्यावर बर्फाचे डोंगर आहेत. मालकीणबाईंनी तो न वाचताच कचऱ्यात टाकला. ताई येते, आईचे केस विंचरते, भावाशी कामापुरतं बोलते. आणि आई कधीतरी मध्येच विचारते, "ती बाई शिकलेली असेल का रे? की माझ्यासारखी तिकिटं फाडणारी?" मालक म्हणतात, "तुझ्यासारखीच असेल." मग आई त्या बाईबद्दल थोडं बोलते. मुलं किती असतील, सून बरी वागवते की नाही. मालक समोर बसून शेवटपर्यंत ऐकतात.

एकदोन दिवसांत ते मला कात्रीनं कापतील. माझी तक्रार नाही. जाताना एवढंच सांगतो: तुमचं माणूस घेऊन कधी अशा खिडकीपाशी उभे राहिलात, तर मला खिशातच राहू द्या. आधी आत जाऊन बघा, शेजारच्या खाटेवर कोण आहे.